टेलिफोनची तार की केबल? घरी नेट घेण्याआधी एवढं विचारा



योजनेचे अर्ज, पोरांचा अभ्यास, धरणातून पाणी सोडल्याची बातमी, सगळं आता नेटवर आलंय. त्यामुळं "घरी कुठलं नेट घ्यावं?" असं सभासद सारखं विचारतात. बेळगाव-निपाणी पट्ट्यात दोन तारा आपल्या जुन्या ओळखीच्या: टेलिफोनची आणि केबल टीव्हीची. दोन्हींवरून नेट येतं, पण रीत वेगळी.

टेलिफोनची तार: एक्स्चेंजपासून घरापर्यंत तांब्याची बारीक जोडतार, फक्त तुमच्यासाठी. बीएसएनएलनं जानेवारी २००५ मध्ये यावर ब्रॉडबँड सुरू केलं. या तारेत शेजारी वाटेकरी नाही. अडचण अंतराची. एक्स्चेंजजवळ २४ एमबीपीएसपर्यंत मजल जाते, चार-पाच किलोमीटरवर जेमतेम एक-दोन उरतं. घर मळ्यात किंवा नदीकाठी असेल तर हे आधी बघा. जोड गंजला तरी स्पीड पडतो.

केबल: तार जाड, ताकद जास्त, पण ती गल्लीत वाटून घ्यायची. सगळ्यांनी एकदम नळ सोडला की धार बारीक होते, तसंच. दुपारी झकास चालतं आणि रात्री आठला अडकतं.

जाहिरातीत आकडा असतो तो बहुतेक नेट खाली उतरवण्याचा, म्हणजे डाऊनलोडचा. आपल्याला होडीचे फोटो, कागदपत्रं वर चढवायची असतात. त्याचा स्पीड दोन्हीकडं कमीच. चार एमबीचा एक फोटो एक एमबीपीएसनं चढायला अर्धा मिनिट लागतो. दहा फोटो म्हणजे पाच मिनिटांवर. तेवढ्यात लाईन तुटली की पुन्हा पहिल्यापासून! म्हणून अपलोड किती, ते वेगळं विचारा.

पुराचंही ध्यानात ठेवा. २०१९ आणि २०२१ ला वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं होतं. अशा वेळी करंट गेला की दोन्हीकडचे मोडेम बंद. केबलच्या खांबावरच्या मशीनलाही करंट लागतो. साधा तारेचा फोन मात्र एक्स्चेंजच्या करंटवर चालतो. इन्व्हर्टर असेल तर मोडेम त्यावर जोडा.

आता बरेच जण फायबर ओढतायत. त्यात काचेच्या तंतूतून प्रकाश जातो. तांब्यासारखी अंतराची आणि गंजाची भानगड नाही. दारात येत असेल तर तेच घ्या. फक्त फायबर घरात येणार की खांबापर्यंतच, हे विचारा.

थोडक्यात, टेलिफोनवाल्याला विचारा: "एक्स्चेंज किती लांब?" केबलवाल्याला विचारा: "या तारेवर किती घरं?" मग शेजाऱ्याकडं रात्री आठ-नऊच्या दरम्यान डाऊनलोड आणि अपलोड, दोन्ही तपासा. वर्षाचे पैसे एकदम भरू नका, आधी महिनाभर वापरून बघा.

होडी घेताना आपण नुसता रंग बघत नाही, पाण्यात सोडून बघतो. नेटचंही तसंच करा.