पंचांचा कौल आणि पैलवानाचे नाव

(बी. ए. द्वितीय वर्ष, कला शाखा)

महाराष्ट्र केसरी किताबाच्या मानकऱ्यांची यादी १९६१ साली औरंगाबादच्या स्पर्धेत दिनकर दह्यारी यांच्या नावाने सुरू होते. पुढे दरसाल एक नाव. काही वर्षांपुढे मात्र नावच नाही, कारण त्या साली कुस्ती अनिर्णित राहिली. यादीत साल, गाव आणि पैलवान एवढेच असते. कोणत्या डावावर निकाल लागला, पंचांचा कौल साऱ्यांना पटला होता की नाही, हे तेथे कोणी लिहीत नाही. इतिहासाच्या तासाला आम्हांस सांगितले जाते की कोणतेही लेखी साधन हाती आले म्हणजे त्यात काय लिहिले आहे याबरोबरच काय गाळले आहे, हेही विचारावे. तोच प्रश्न या यादीला विचारावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कुस्तीतील नियमांची थोडी ओळख येथे करून द्यावी लागेल. चीतपट म्हणजे दोन्ही खांदे एकाच वेळी जमिनीला टेकणे. मग आधी गुण कितीही असोत, कुस्ती तेथेच संपते. चीतपट न झाल्यास तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांतील गुणांवर निकाल लागतो. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून पाठीमागून ताबा घेतला तर दोन गुण. उभ्याने डाव मारून त्याची पाठ जमिनीकडे वळवली, म्हणजे त्यास धोकादायक स्थितीत टाकले, तर चार गुण. आता पाठ वळली की पैलवान नुसता कुशीवर पडला, हे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ठरवायचे असते. माती असो वा गादी, तेथे उभ्या असलेल्या पंचासमोर दोन घामाघूम देह एकमेकांत अडकलेले असतात आणि त्याला दिसते ती एकच बाजू. दुसऱ्या बाजूसाठी आणखी दोन पंच बसवलेले असतात, ते याचसाठी.

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूड येथे झालेल्या स्पर्धेत माती विभागाच्या निर्णायक लढतीत महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख समोरासमोर आले. दोघेही सोलापूर जिल्ह्याचे. सिकंदर मोहोळचा, हमाली करणाऱ्या बापाचा मुलगा, कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडलेला. महेंद्रने बाहेरची टांग मारली आणि पंचांनी त्याला चार गुण दिले. सिकंदर हरला. सिकंदरची पाठ वळलीच नव्हती, चार गुण देणे चूक होते, असे म्हणणाऱ्यांनी रान उठवले. निर्णय नियमाप्रमाणेच आहे असे पंच व संयोजक सांगत राहिले. त्या टांगेचे चित्रण गावोगावच्या मोबाइलवर फिरले. एका पंचाला फोनवरून धमकी दिल्याची तक्रारही पोलिसांत गेली, आणि ही गोष्ट कोणत्याही कुस्तीशौकिनाला शोभणारी नव्हती.

माझे वडील शाळेत गेलेले नाहीत. परंतु डाव त्यांना अक्षरासारखा वाचता येतो. मी ते चित्रण त्यांना चार-पाच वेळा दाखवले. गुण चार की दोन, यावर ते काही बोलले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "सिकंदरचं काही गेलं नाय. गेलं ते त्या महेंद्राचं."

या वाक्याचा अर्थ मला पुढे उलगडत गेला. हरलेल्या सिकंदरला राज्यभर सहानुभूती मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावच्या स्पर्धेत त्याने शिवराज राक्षेला काही सेकंदांत आस्मान दाखवून गदा उचलली. त्याच्यापुरता हिशेब मिटला. महेंद्रच्या बाहेरच्या टांगेचे काय? ती टांग खरोखर सुरेख होती. दुसऱ्या कोणत्याही दिवशी तिचे कौतुक झाले असते. पण पंचांच्या कौलाचा वाद तिला चिकटला आणि डाव बाजूला राहून गुणांचीच चर्चा उरली. चुकीचा, किंवा चुकीचा वाटणारा, निर्णय हरणाऱ्याची एक कुस्ती घेतो. जिंकणाऱ्याच्या मात्र नावालाच तो खोट लावतो. हरलेला पुन्हा लढून दाखवू शकतो. जिंकलेल्याने पुन्हा काय सिद्ध करावे?

फुटबॉलमध्ये याचे दाखले जगाला ठाऊक आहेत. २२ जून १९८६ रोजी मेक्सिकोत इंग्लंडविरुद्ध मॅराडोनाने हाताने गोल केला आणि ट्युनिशियाचे पंच अली बेन्नासूर यांना तो हात दिसला नाही. अवघ्या चार मिनिटांनी त्याने निम्म्याहून अधिक मैदान पार करीत जो दुसरा गोल केला, त्यास अनेक जाणकार विश्वचषकातील सर्वोत्तम गोल मानतात. तरीही त्या सामन्याचे नाव निघाले की आधी हात आठवतो, पाय नंतर. १९६६ च्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या जेफ हर्स्टचा चेंडू आडव्या खांबाला लागून खाली आपटला. तो रेषेपलीकडे गेला होता काय, हा प्रश्न अजून विचारला जातो. हर्स्टने त्या दिवशी तीन गोल केले, इंग्लंड ४-२ ने जिंकले, पण तो एक चेंडू काही त्याचा पिच्छा सोडत नाही.

आपल्या देशाच्या वाट्याला दुसरी बाजू आली. ११ जून २०२४ रोजी दोहा येथे कतारविरुद्ध भारत १-० ने पुढे होता. ७३ व्या मिनिटास चेंडू गोलरेषेजवळून बाहेर गेला, तो ओढून आत आणला गेला आणि गोल मान्य झाला. त्या फेरीत चित्रण पाहून निर्णय देण्याची सोय नव्हती. भारत १-२ ने हरला, विश्वचषक पात्रतेची तिसरी फेरी हुकली. सुनील छेत्री पाचच दिवस आधी निवृत्त झाला होता. त्या पिढीची नोंद 'तिसऱ्या फेरीपर्यंत पोहोचलेली' अशी होऊ शकली असती. ती झाली नाही.

पुन्हा कुस्तीकडे वळू. फुटबॉलमध्ये अकरा जण असतात, पुढचा हंगाम असतो. ऑलिंपिक पद्धतीच्या कुस्तीतही हरलेल्याला वाट ठेवलेली आहे. आपल्या पाटोदा तालुक्याचा राहुल आवारे २०१९ च्या जागतिक स्पर्धेत उपांत्य फेरीत हरला आणि तरी कांस्यपदकाची कुस्ती लढून पदक घेऊन आला. महाराष्ट्र केसरीत गदा एकच. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता भिडतात, जिंकतो त्याचे नाव यादीत जाते. म्हणून येथे एका कौलाचे मोल फार.

सलग तीन गदा जिंकण्याचेच उदाहरण घ्या. २००७ आणि २००८ साली चंद्रहार पाटील महाराष्ट्र केसरी झाला. २००९ साली अंतिम लढतीत तो विकी बनकरकडून हरला. त्या दिवशी पंचांनी आपल्यावर अन्याय केला, असे त्याने पुढे जाहीरपणे सांगितले. पहिला तिहेरी महाराष्ट्र केसरी होण्याचा मान २०१३ मध्ये नरसिंग यादवकडे गेला. चंद्रहारचे म्हणणे खरे मानावे की नाही, याविषयी मी येथे मत देत नाही. विकी बनकर तेथवर काही कोणाच्या मेहेरबानीने पोहोचला नव्हता. पण २००९ चा निकाल वेगळा असता तर 'पहिला' हा शब्द दुसऱ्या नावापुढे असता, एवढे निर्विवाद.

२ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगर येथे हाच प्रसंग अधिक कडवट रीतीने घडला. शिवराज राक्षे दोन गदांचा मानकरी, तिसरीच्या शोधात. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळविरुद्ध त्याला चीतपट घोषित करण्यात आले. दोन्ही खांदे टेकले नव्हते असे राक्षेचे म्हणणे. त्याने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. अंतिम लढतीत पृथ्वीराजसमोर होता महेंद्र गायकवाड, तोच महेंद्र. या वेळी पंचांवर नाराज होऊन तोच आखाडा सोडून गेला. राक्षे व गायकवाड दोघांवरही तीन वर्षांची बंदी आली. लाथ मारणे हा गुन्हाच होय, त्याचे समर्थन कोणी करू नये. पण हेही पाहावे की गदा घेऊन उभ्या असलेल्या पृथ्वीराज मोहोळपेक्षा ती लाथच दुसऱ्या दिवशी जास्त दाखवली गेली. तरुण पैलवानाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा दिवस, आणि चर्चा दुसऱ्याच्या पायाची!

जत्रेच्या फडात कुस्ती फार वेळ चालली आणि कोणी कोणास आटपेना, की पंच ती बरोबरीत सोडवतात आणि इनाम दोघांत वाटतात. मातीत आणखी एक सोय असते: पाठ टेकली की पाठीला माती लागते आणि ती चार लोकांना दिसते. गादीवर अशी खूण उरत नाही. आता ती खूण कॅमेऱ्याने ठेवायची आहे. गुणांविषयी हरकत घेऊन चित्रण पाहण्याची मागणी प्रशिक्षकास करता येते. माझ्या मते, अंतिम व उपांत्य लढतींत चीतपटीचा कौलही विजेत्याचा हात वर करण्यापूर्वी मोठ्या पडद्यावर दाखवावा. दोन मिनिटे जातील. हलगीवाले तेवढा वेळ खुशाल वाजवत बसतील.