कथा परत आल्या, कविता गेल्या

फोल्डर उडालं की पहिली धाव रिसायकल बिनकडे असते. आमच्याकडे ते रिकामं होतं. सप्टेंबरचा शेवट, दिवाळी अंकाची घाई आणि लावून तयार असलेला कथा विभाग मशीनवर दिसेना. “ताई, फोल्डरच नाहीये,” ऑपरेटर मुलगी म्हणाली. आमच्या अक्षरजुळणीच्या ऑफिसात सगळी कामं एका मुख्य कॉम्प्युटरवर असतात आणि बाकीच्या मशीनवरून नेटवर्कने उघडली जातात. असं शेअर केलेलं फोल्डर दुसऱ्या मशीनवरून डिलीट झालं, तर ते कुठल्याच बिनमध्ये जात नाही, थेट उडतं. पेनड्राइव्हवरून डिलीट केलेल्याचंही बहुधा तेच. कुणाच्या हातून गेलं याची चौकशी मी तेव्हा केली नाही आणि नंतरही केली नाही. अशा चौकशीने पुढच्या वेळी माणसं सांगायचीच बंद होतात.

बॅकअप होता. दर शनिवारी संध्याकाळी अख्ख्या अंकाचं फोल्डर एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी होत असे, त्यामुळे कुणी फारसं घाबरलं नाही. नेहमीचा कॉम्प्युटरवाला आला, त्याने डिस्क लावली आणि बॅकअपमधलं अंकाचं फोल्डर उचलून मूळ जागी पेस्ट केलं. त्याच नावाच्या फाइल्स आधीच आहेत, काय करू, असं विंडोजने विचारलं. त्याने ‘रिप्लेस’वर टिचकी मारली. कथा परत आल्या. पण कविता विभाग जागेवरच होता, त्यात सोमवारपासून गुरुवारपर्यंत कवींच्या दुरुस्त्या घालून झाल्या होत्या आणि त्यावर आता शनिवारच्या जुन्या फाइल्स बसल्या होत्या. आगीतून फुफाट्यात. या फाइल्स डिलीट झालेल्या नव्हत्या, त्यांच्यावर दुसऱ्या लिहिल्या गेल्या होत्या. त्यामुळे शोधायलाही काही उरलं नव्हतं.

तेव्हापासून माझं ठाम मत झालं आहे: नुकसान व्हायचं ते बॅकअप घेताना होत नाही, परत आणताना होतं. त्या वेळी घाई असते, चार जण मागे उभे असतात आणि एका टिचकीत काम होणार असं वाटतं. म्हणून बॅकअपमधलं काहीही मूळ जागी थेट पेस्ट करायचं नाही. डेस्कटॉपवर नवीन फोल्डर करायचं, त्याला ‘परत आणलेलं’ आणि तारीख असं नाव द्यायचं, सगळं आधी तिथे उतरवायचं. मग दोन खिडक्या शेजारी-शेजारी लावून ‘डेट मॉडिफाइड’ पाहायची. ‘डेट क्रिएटेड’कडे पाहू नका, ती फसवते. फाइल कॉपी केली की विंडोज तिथे कॉपीची तारीख टाकतं, त्यामुळे जुनी फाइल आजची दिसते. शेवटचा बदल कधी झाला ती तारीख मात्र कॉपीनंतरही तीच राहते. जे मूळ जागी नाही तेवढंच हलवायचं, बाकीला हात लावायचा नाही.

त्याही आधी एक काम आहे: फोल्डर खरंच उडालं आहे का, हे पाहणं. माउस सरकून शेजारच्या फोल्डरात जाऊन पडलेली फोल्डरं मी पुष्कळ पाहिली आहेत. फाइलचं नाव आठवत नसलं तर एक्स्टेन्शनने शोधा. पेजमेकर ७ चं काम असेल तर पीएमडी, त्याआधीचं ६.५ चं असेल तर पी६५. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ही उघडून पाहा. ती सोय आधीपासून चालू ठेवलेली असेल तरच तिथे काही मिळतं, पण मिळालं तर सोनंच.

आमच्या कविता शेवटी कुठे सापडल्या, तर मेलच्या ‘सेंट’मध्ये. कवींना तपासायला पाठवलेल्या पीडीएफ तिथे तशाच होत्या. काही व्हॉट्सॲपवर मिळाल्या. उरलेल्यांसाठी टेबलाखालचा गठ्ठा उपसला, त्यात लाल पेनाने खुणा केलेली कागदी प्रुफं होती. त्यावरून पुन्हा दुरुस्त्या घातल्या. अंक छापून हातात येईपर्यंत प्रुफं रद्दीत द्यायची नाहीत हा आमच्याकडचा जुना नियम. तो कॉम्प्युटरसाठी केलेला नव्हता, पण कामी आला.

दरम्यान आणखी एक भानगड. खात्रीसाठी बॅकअपची डिस्क मी माझ्या लॅपटॉपला लावून एक कथा उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं, टिंबं. “फाइल करप्ट झाली,” असं सगळे एका सुरात म्हणाले. फाइल धडधाकट होती, लॅपटॉपवर तो फॉन्ट नव्हता. मराठीत हे विसरून चालत नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर त्या फॉन्टशिवाय वाचताच येत नाही. म्हणून कामाबरोबर फॉन्टचाही बॅकअप घ्या. चित्रांचं तसंच आहे. पेजमेकर मोठं चित्र बहुधा फाइलमध्ये ठेवत नाही, ते कुठे आहे याचा पत्ता ठेवतं. फोल्डरची नावं बदलली की पत्ता चुकतो. इनडिझाइनमध्ये ‘पॅकेज’ केलं की फॉन्ट आणि चित्रं एकत्र गोळा होतात. काम संपल्यावर ते करून ठेवायला फार वेळ लागत नाही. कोरल ड्रॉ स्वतःहून ‘बॅकअप ऑफ’ नावाची जुनी प्रत ठेवतं खरं, पण ती साधारणपणे त्याच फोल्डरात. फोल्डर गेलं की तीही गेली.

बॅकअपच नसेल तर रिकव्हरी सॉफ्टवेअरची पाळी येते. तिथे पहिली गोष्ट म्हणजे त्या मशीनवर काम थांबवा. डिलीट झालेला मजकूर डिस्कवर लगेच पुसला जात नाही, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो असतो. त्यामुळे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकू देऊ नका आणि सापडलेल्या फाइल्सही दुसऱ्या डिस्कवर घ्या. एसएसडी असेल तर आशा कमी ठेवा. ‘ट्रिम’ या सोयीमुळे ती मोकळी झालेली जागा स्वतःच साफ करून टाकते. फोटोरेक हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण ते फाइलच्या खुणेवरून शोधतं, त्यामुळे मूळ नावं बहुधा परत येत नाहीत. बिननावाच्या शेकडो फाइल्स एकेक उघडून पाहण्याची तयारी हवी.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका इंजिनिअरच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. रोजचा बॅकअप पाहायला गेले, तर तिथे काहीच नव्हतं. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या जुळत नसल्याने तो बंद पडला होता आणि तसं कळवणाऱ्या मेलही पोहोचत नव्हत्या. साधारण सहा तासांपूर्वी, वेगळ्याच कामासाठी, काढलेली एक प्रत होती म्हणून तोपर्यंतचं वाचलं.

आम्ही आता दोन डिस्क आलटून-पालटून वापरतो. एक घरी असते आणि दुसरी कॉपी झाली की काढून कपाटात जाते. सतत लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरच्या तावडीत मशीनबरोबरच सापडते. गूगल ड्राइव्हवरही काम असतं, पण त्याला मी बॅकअप म्हणत नाही: इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते, आणि तिथल्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवसच राहते.

आणि महिन्यातून एकदा तालीम. कुठलंही एक जुनं फोल्डर डिस्कवरून दुसऱ्याच मशीनवर उतरवायचं, उघडायचं, एक पान प्रिंट काढायचं. परवाच्या तालमीला एका शाळेच्या स्मरणिकेचं फोल्डर निघालं. मजकूर नीट आला, फोटो आले, मथळ्यांचा फॉन्ट मात्र आमच्या एकाही मशीनवर सापडला नाही. ज्याने तेव्हा तो टाकला होता, त्या जुन्या ऑपरेटरला फोन केला आहे. घरच्या सीड्यांमध्ये बघतो म्हणाला.