ओहोळाची नोंदवही

हरसूलच्या डोंगराळ मुलखांत भातखाचरें बहुधा ओहोळांच्या कांठीं असतात. अतिवृष्टींत उतारावरील माती पाण्यानें भरून सुटते व दगड-झाडांसह चिखलाचा लोंढा होऊन खालीं येतो. पुणें जिल्ह्यांतील माळीण गांव ३० जुलै २०१४ रोजीं असेंच गाडलें जाऊन सुमारें दीडशें माणसें दगावलीं.

स्वित्झर्लंडांतील इलग्राबेन ओढ्यावर २००० सालापासून अशा लोंढ्यांची यंत्रांनीं नोंद होत आहे. यंत्रांवांचून आपणांस काय करितां येईल तें आम्ही सुचवितों. कांठच्या पक्क्या खडकावर रेघ मारावी. पावसाळ्यापूर्वीं व नंतर पात्र किती भरलें वा खचलें तें, रोजच्या पावसासह, वहींत लिहावें. भर पावसांत पाणी एकाएकीं ओसरल्यास वर दरड अडकली असावी. तेव्हां खाचर पाहावयास न जातां, गुरें मोकळीं सोडून ओहोळापासून दूर जावें. वर्षानुवर्षें ठेविलेली वही घर कोठें बांधूं नये हें पुढील पिढीस सांगेल.