शॉकॲब घेण्याआधी टेप घे

वसई

चि. भाच्यास,

जीपचे फोटो पाहिले. सीजे थ्री-बी, तीही चालत्या स्थितीत, म्हणजे तुझ्या हाती फार चांगली वस्तू आली आहे. महिंद्रांनी १९४९ साली माझगावात विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या, त्याच घराण्यातली ही. अमेरिकेत हे उंच बॉनेटचं मॉडेल १९६८ मध्ये थांबलं, आपल्याकडे मात्र पुढे कित्येक वर्षं बनत राहिलं. म्हणून तर तिचे सुटे भाग अजून मिळतात आणि तिचा स्वभाव ओळखणारे मिस्त्रीही भेटतात.

आधीच्या मालकाने गाडी चार इंच उचलली आहे आणि आता तिला कोणते शॉकॲब बसवू, असं तू विचारलंस. कंपनीचं नाव मी आज सांगणार नाही. तुझी मापं हातात आल्याशिवाय मला ते सांगताच येणार नाही.

शॉकॲब गाडी उचलत नाही आणि वजनही पेलत नाही. ती दोन्ही कामं कमानपाट्यांची. खड्ड्यातून वर आल्यावर पाटा जो हेलकावे घेत राहतो ते थांबवणं, चाक जमिनीला धरून ठेवणं, एवढंच शॉकॲबचं काम. तेव्हा टायर कोणते, पाटे कोणते, शॅकल किती लांब, गाडीत एरवी किती वजन असणार, हे सगळं पक्कं झाल्यावरच त्याची पाळी येते. आपल्याकडची पोरं आधी चकचकीत शॉकॲब आणतात आणि मग गाडी त्याला जुळवत बसतात. तू तसं करू नकोस.

चार इंच मला जास्त वाटतात, हे स्पष्टच सांगतो. या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ८० इंच, आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं जेमतेम चार फूट. इतक्या आखूड, अरुंद गाडीला उंच केलं की वळणावर ती कलते. मागचा प्रोपेलर शाफ्ट मुळातच आखूड, त्याचा कोन वाढतो आणि त्याच्या सांध्यांचे क्रॉस लवकर जातात. फोटोत पुढचे शॅकलही लांब केलेले दिसतात. त्यामुळे ॲक्सल फिरतो, स्टिअरिंगच्या अक्षाचा मागचा कल, म्हणजे कॅस्टर, कमी होतो, आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. हा दोष जगातला कोणताही शॉकॲब काढू शकणार नाही. माझं ऐकशील तर दीड-दोन इंचांवर ये. शिवाय मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९चा निकाल, दोन्ही गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला परवानगी देत नाहीत. जुन्या गाडीची नोंदणी पुन्हा करायला नेशील तेव्हा तिथे डोळ्यांत भरेल अशी उंची ठेवू नकोस.

आता मापं. गाडी सपाट कोब्यावर उभी कर, एरवी असतं तेवढं वजन आत ठेव. वरच्या पिनेपासून खालच्या पिनेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत मोज. मग ॲक्सल आणि चासीखालचा रबरी स्टॉपर यांत किती जागा आहे ते बघ आणि रबर दबेल म्हणून त्यात अर्धा इंच मिळव. शेवटी जुने शॉकॲब काढून चासीला जॅक लाव, चाकं लोंबकळू दे आणि पुन्हा पिन ते पिन मोज. हे करताना चासीखाली घोडे लावल्याशिवाय आत हात घालू नकोस.

समज, उभ्या गाडीत साडेसतरा इंच आले, रबराचा अर्धा इंच धरून दबायला तीन इंच जागा आहे आणि लोंबकळताना साडेतीन इंच वाढतात. म्हणजे पिनांमधलं अंतर साडेचौदापासून एकवीसपर्यंत बदलणार. तुला असा शॉकॲब हवा जो मिटल्यावर चौदा किंवा त्याहून कमी भरेल आणि उघडल्यावर साडेएकवीस किंवा त्याहून जास्त. गाडी उचलली म्हणून नुसता लांब आणलास, तर तो मिटल्यावरही लांबच राहतो. मग स्टॉपरला ॲक्सल टेकायच्या आधी शॉकॲबच तळाला आपटतो, आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात पिन तरी तुटते नाहीतर सील तरी फुटतं. मापात बसणारा मिळालाच नाही तर स्टॉपर खाली आणायचा. गाडी लोंबकळत असतानाच ब्रेकचा होजही बघून घे. तो ताणला जात असेल तर शॉकॲबचे पैसे आधी त्याच्यावर खर्च कर.

तिरकेपणाही पाहा. शॉकॲब उभ्या रेषेपासून तीस अंश कलला तर चाकापाशी त्याचा पाऊण जोरच पोचतो, पंचेचाळीस अंशांवर निम्मा. उचललेल्या गाडीत शॉकॲब अडकवायचे कंस वेडेवाकडे वेल्ड केलेले असतात, तिथे हे हमखास घडतं.

आता कडकपणा. जुन्या गाडीचे अनेक पट्ट्यांचे पाटे एकमेकांवर घासतात, आणि ते घासणंच बराचसा झोका खाऊन टाकतं. म्हणून मूळ शॉकॲब मऊ असले तरी चालत असे. तुझ्या गाडीत कमी पट्ट्यांचे नवे पाटे असतील तर ती घासण नाही, आणि उसळी आवरणारा, म्हणजे उघडताना जास्त अडवणारा शॉकॲब लागेल. दबताना मात्र फार कडक नको, नाहीतर प्रत्येक खडी कण्यात जाणवेल.

दोन नळ्यांचा घेऊ की एका नळीचा, हा तुझा प्रश्न. एका नळीच्या शॉकॲबमध्ये नायट्रोजनचा मोठा दाब असतो. तेलाला फेस येत नाही, लांबच्या खडबडीत रस्त्यावर तो थकत नाही. पण त्याच्या नळीला दगडाने पोचा पडला की पिस्टन तिथे अडकतो. दोन नळ्यांच्या शॉकॲबची बाहेरची नळी चेपली तरी तो बहुधा चालत राहतो. तू जाणार शिरसाडवरून पारोळ, उसगाव, वज्रेश्वरी, फार तर जव्हार-मोखाड्यापर्यंत, तेही सावकाश. या वेगाला मी दोन नळ्यांचा, हलक्या दाबाच्या गॅसचा निवडेन. बाजूला डबी लटकवलेले महागडे शॉकॲब वाळवंटातल्या शर्यतींसाठी चांगले आहेत, तुझ्या रस्त्यांना त्यांची गरज नाही. आणि तुंगारेश्वर अभयारण्य आहे. तिथल्या पायवाटांवर किंवा कळंब-राजोडीच्या वाळूत गाडी घालायची नाही, हे वचन मला हवं.

आपल्या हवेचंही ध्यानात ठेव. खाडी, मिठागरं आणि समुद्र यांच्यामध्ये आपण राहतो. पॉलिश केलेल्या दांड्याला गंजाचा एक ठिपका पडला की तो प्रत्येक हालचालीत सील कापतो. दांड्यावरच्या रबरी बुटात खारट चिखल साठतो, म्हणून मी बूट बसवत नाही. खाडीकाठावरून आल्यावर गोड्या पाण्याने खालून धुतो. पिनेवरचे बुश रबराचेच घे. पाटा पिळला जातो तेव्हा रबर वळतं, कडक पॉलियुरेथेन पिनेवर जोर टाकतं.

बसवण्याआधी दोन नळ्यांचा शॉकॲब उभा धरून सावकाश चार-पाच वेळा उघड-मीट कर. आडवा पडून पडून आत शिरलेली हवा त्याने निघते. पुढची जोडी एकदम, मागची जोडी एकदम. बुशचे नट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उतरल्यावर. हवेत असताना आवळलेस तर रबर कायमचं पिळलेलं राहील.

चार कोपऱ्यांची मिळून बारा मापं होतात. ती एका कागदावर लिहून, त्याशेजारी टायरचा आकार आणि पाट्याच्या पट्ट्या किती ते टाकून मला पाठव. माझ्या सातिवलीच्या गाळ्यावर येणार असशील तर जुने शॉकॲबही घेऊन ये, फेकू नकोस; ते कुठे घासलेत ते मला बघायचं आहे.

तुझा,
मामा