नागद्वार यात्रा : साधनांची निवड आणि यात्रिकाचे स्वास्थ्यरक्षण

प्रस्तावना

आषाढ सरत आला की नागपूर आणि विदर्भातील यात्रिकांची पावले पचमढीच्या नागद्वाराकडे वळतात. सावनेर, छिंदवाडा, तामिया, मटकुली या मार्गाने बसगाड्या भरून जातात आणि नागपंचमीपर्यंत हा ओघ थांबत नाही. नागद्वाराची वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या अरण्यातून जाते. निसरडे उतार, ओढे, लोखंडी शिड्या आणि संततधार पाऊस हे तिचे नित्याचे रूप आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर, तर पचमढी १००० मीटरहून अधिक उंचीवर. सातपुड्याचे सर्वोच्च शिखर धूपगडही (सुमारे १३५० मीटर) याच परिसरात आहे.

यात्रेपूर्वीच्या पंधरवड्यात आपल्याकडे रुग्ण येतात आणि 'जाऊ का?' असे न विचारता 'सोबत काय नेऊ?' असे विचारतात. या प्रश्नाचे उत्तर वैद्याने आणि औषधी विक्रेत्याने शास्त्राधारे कसे द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऋतुचर्येशी विरोध

वर्षा ऋतूत अग्नी मंद असतो, वात प्रकुपित होतो आणि जल अम्लविपाकी होते. म्हणूनच चरक आणि वाग्भट या दोघांनीही या ऋतूत अतिश्रम, दिवास्वाप, नदीचे पाणी आणि उदमंथ वर्ज्य सांगितले आहेत. पायी हिंडणेही वाग्भटांनी या ऋतूत टाळावयास सांगितले आहे. नागद्वाराचा यात्रिक मात्र यांपैकी बहुतेक गोष्टी दोन-तीन दिवसांत एकदमच करतो. त्याची श्रद्धा आपण मोडू शकत नाही आणि मोडूही नये. तेव्हा वर्ज्य गोष्टींची हानी कमीत कमी कशी होईल, हे पाहणे एवढेच आपल्या हाती उरते.

पादत्र, छत्र आणि दंड

चरकांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात पादत्र, छत्र आणि दंड यांचे गुण स्वतंत्रपणे वर्णिले आहेत. वाग्भटांनी दिनचर्येत छत्र-पादत्राणांसह आणि पुढील चार हात जमीन पाहत चालावे, तसेच रात्री निघणे अटळ असल्यास दंड, शिरस्त्राण आणि सोबती असावा, असे सांगितले आहे. आजच्या साधनांची निवड याच सूत्रावर करता येते.

पादत्र : यात्रेसाठी ऐनवेळी नवा बूट घेणे ही सर्वांत सामान्य चूक होय. बूट किमान तीन आठवडे आधी घ्यावा व रोज वापरून पायाला सरावू द्यावा. खरेदी सायंकाळी करावी, कारण दिवसभरात पाऊल किंचित सुजते. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी मोकळी जागा असावी, तळवा खोल खाचांचा असावा आणि घोटा झाकला जावा. मोज्यांचे तीन जोड न्यावेत व एक जोड रात्रीसाठी कोरडा राखावा.

छत्र : शिडी चढताना दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून येथे छत्रीचे काम टोपीसह रेनकोटने करावे. सुती कपडा भिजला की वाळत नाही आणि अंगातील उष्णता खेचून घेतो. अंगालगत लवकर वाळणारा कृत्रिम धाग्याचा कपडा आणि पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कोरडा लोकरी कपडा असावा. भिजलेला यात्रिक थरथरू लागला, अडखळत बोलू लागला, तर ते शरीराचे तापमान घसरल्याचे लक्षण समजून प्रथम ओले कपडे उतरवावेत.

दंड : कमरेच्या वर पोहोचणारी बांबूची काठी पुरेशी आहे. स्खलन टाळणे, आधार देणे आणि भय दूर करणे हे दंडाचे गुण उतारावर पदोपदी प्रत्ययास येतात. गवतात पाऊल टाकण्यापूर्वी काठी आपटून पुढे जावे.

पाठीवरील ओझे शरीरभाराच्या दशमांशाच्या आसपास ठेवावे. दोन्ही खांद्यांना पट्टा असलेलीच पिशवी न्यावी. एका खांद्यावरील झोळीने तोल जातो.

प्रमेही यात्रिक

एका यात्रेपूर्वी आमच्याकडे पन्नाशीतील एक मधुमेही गृहस्थ आले होते. नवस अनवाणी चालण्याचा होता. आम्ही नाडी पाहिली, औषधे समजावून सांगितली, पादाभ्यंगासाठी तेल दिले. पण त्यांचे तळवे पाहिले नाहीत. परतल्यावर पाचव्या दिवशी ते आले ते तळव्यातील दुर्गंधी व्रण घेऊन. काटा कधी रुतला हे त्यांना कळलेच नव्हते. अखेर शल्यचिकित्सकांना दोन बोटे काढावी लागली. ही उणीव आमचीच होती, आणि ती इतरांकडून घडू नये म्हणून येथे नमूद करीत आहोत.

सुश्रुतांनी निर्धन प्रमेह्यास पादत्राण व छत्र यांविना दीर्घ पायी प्रवास सांगितला आहे, याचा दाखला अनवाणी चालण्याच्या समर्थनार्थ दिला जातो. परंतु हातापायांची सुप्ती आणि दाह ही प्रमेहाच्या पूर्वरूपांतील लक्षणे आहेत, हेही शास्त्रच सांगते. ज्याच्या पायास स्पर्शज्ञान नाही, त्यास पादत्राणाविना अरण्यात पाठविणे युक्तीस धरून नाही. सुश्रुतवचनातील चालण्याचा गाभा घ्यावा; अनवाणीपण मात्र रुग्ण पाहूनच ठरवावे. प्रत्येक प्रमेह्याचे तळवे, बोटांमधील जागा आणि टाचेच्या भेगा उजेडात पाहाव्यात. दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने स्पर्शज्ञान तपासावे. ते उणे आढळल्यास अनवाणी यात्रेस स्पष्ट नकार द्यावा आणि यात्रेत रोज रात्री सोबत्याकडून तळवे तपासून घेण्यास सांगावे.

आहार, जल आणि श्रम

विदर्भातील यात्रिक सातू हमखास नेतो. भरपूर पाण्यात कालवलेला पातळ सातू म्हणजेच उदमंथ, आणि तो या ऋतूत निषिद्ध आहे. त्याऐवजी तूप, गूळ व सुंठ घातलेले लाडू, भाजलेले चणे, जुन्या तांदळाचा गरम भात यांची शिफारस करावी. पाणी उकळून निवविलेले असावे. ते अशक्य असल्यास क्लोरीनच्या गोळ्या वापराव्यात. ओढ्याचे पाणी दिसावयास कितीही निर्मळ असले तरी पिऊ नये.

वाग्भटांनी अर्धशक्ती व्यायाम शीतकाळी व वसंतात सांगितला असून इतर ऋतूंत त्याहूनही कमी. तोंडाने श्वास घ्यावा लागला की थांबावे, हा नियम यात्रिकास समजेल अशा शब्दांत सांगावा. श्रमजन्य श्वास रोखल्याने गुल्म, हृद्रोग आणि संमोह होतात असे चरक सांगतात. हृद्रोगी, अनियंत्रित रक्तदाबाचे रुग्ण आणि गर्भिणी यांना परावृत्तच करावे.

चिखल्या, दंश आणि ज्वर

दूषित चिखलाच्या संपर्काने बोटांमध्ये क्लेद, कंडू व दाह उत्पन्न करणारा 'अलस' सुश्रुतांनी क्षुद्ररोगांत वर्णिला आहे. त्याच आपल्या चिखल्या. मुक्कामावर पाय धुऊन बोटांमधली जागा पूर्ण कोरडी करावी, मगच तळव्यांस व पोटऱ्यांस तिळतेल लावावे. ओल्या बोटांमध्ये तेल कोंडू नये.

सर्पदंशाविषयी निःसंदिग्ध बोलणे आवश्यक आहे. अरिष्टाबंधन, छेदन आणि आचूषण यांचे वर्णन कल्पस्थानात आहे. तथापि करकचून बांधल्याने अवयव गमावण्याचा व छेदनाने रक्तस्राव वाढण्याचा धोका आज सिद्ध आहे. दंश झालेला अवयव फळीने स्थिर करावा, रुग्णास चालू देऊ नये आणि प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात त्वरेने न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सर्पांवर एकच बहुगुणी प्रतिसर्पविष चालते. विंचूदंशात घाम, थंड हातपाय वा धाप दिसल्यास तेथेही विलंब नको. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिनच्या उपयोगाने दाखवून दिले आहे की वेळेवर उपचार मिळाल्यास असे रुग्ण वाचतात.

यात्रेनंतर एक ते तीन आठवड्यांत ज्वर आल्यास 'थकव्याचा ताप' म्हणून सोडू नये. २०१८ साली नागपूर परिसरात स्क्रब टायफसची साथ आली होती. काख, जांघ, कंबर येथे काळी खपली शोधावी आणि हिवतापासाठी रक्ततपासणी करावी. संशय येताच रुग्णास डॉक्सीसायक्लिनच्या उपचारासाठी पाठवावे.

औषधी विक्रेत्यांसाठी

यात्रापेटीत जलसंजीवनीची पाकिटे (एक पाकीट एक लिटर पाण्यात), हिंग्वाष्टक चूर्ण, सुंठ, तिळतेल, निर्जंतुक पट्ट्या, क्लोरीनच्या गोळ्या आणि यात्रिकाची नेहमीची औषधे जलरोधक पिशवीत असावीत. त्रिभुवनकीर्ती मात्र पेटीत घालून देऊ नये. त्यात वत्सनाभ आहे, ते वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याच्या औषधांत मोडते आणि ताप दबल्याने निदानास विलंब होतो.

उपसंहार

पादत्र, छत्र आणि दंड ही तीन साधने आचार्यांनी स्वस्थवृत्तात ठेवली, यावरून साधनांचा विचार हा चिकित्सेचाच भाग ठरतो. वैद्यबंधू-भगिनींनी यंदा यात्रेपूर्वी येणाऱ्या प्रत्येकाचे तळवे पाहावेत. दोन मिनिटांचे ते काम आहे, आणि आम्ही ते न केल्याची किंमत एका रुग्णाला मोजावी लागली.