निवृत्तिनिधीतील वाढ आणि प्राप्तिकर

निवृत्तीसाठी केलेली बचत दीर्घ मुदतीची असते. या बचतीच्या जीवनक्रमात करआकारणीच्या तीन अवस्था संभवतात : निधीत रक्कम भरताना, त्या रकमेवर व्याज किंवा वाढ मिळत असताना आणि अखेरीस रक्कम काढताना. पहिल्या व तिसऱ्या अवस्थेची चर्चा बरीच होते. मधल्या अवस्थेकडे मात्र सर्वसामान्य बचतदाराचे फारसे लक्ष जात नाही. वस्तुतः निधीच्या अंतिम आकारावर तिचा परिणाम मोठा असतो.

मधल्या अवस्थेचे महत्त्व

हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. करपूर्व 100 रुपये 8 टक्के व्याजाने 30 वर्षे गुंतविले आणि वाढीवर कर नसला, तर सुमारे 1,006 रुपये होतात. अखेरीस त्यावर 30 टक्के कर भरल्यास हाती 704 रुपये उरतात. याउलट आरंभीच 30 रुपये कर भरून उरलेले 70 रुपये गुंतविले आणि पुढे कोणताही कर नसला, तरीही 704 रुपयेच मिळतात. म्हणजे कराचा दर कायम असेल तर कर आरंभी घेतला काय आणि अखेरीस घेतला काय, फलित एकच. परंतु आरंभी कर भरलेल्या 70 रुपयांच्या व्याजावर दरवर्षी पुन्हा कर आकारल्यास व्याजाचा प्रत्यक्ष दर 5.6 टक्क्यांवर येतो आणि 30 वर्षांनी केवळ 359 रुपये हाती पडतात. चक्रवाढीचे बळ वर्षागणिक कापले जाते, हे त्याचे कारण होय.

भारतातील व्यवस्था

कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीची उभारणी 1952 च्या कायद्याने झाली. या निधीतील व्याज दीर्घकाळ पूर्णतः करमुक्त होते. या सवलतीचा मोठा लाभ अतिउच्च वेतन घेणारे उठवितात, अशी भूमिका घेऊन शासनाने दोन मर्यादा घातल्या. 2020 च्या वित्त अधिनियमानुसार भविष्यनिर्वाह निधी, राष्ट्रीय पेन्शन प्रणाली व सेवानिवृत्ती निधी यांत मालकाने वर्षाकाठी भरलेली एकत्रित रक्कम 7.5 लाख रुपयांहून अधिक असल्यास ते आधिक्य व त्यावरील वार्षिक वाढ करपात्र ठरली. 2021 च्या वित्त अधिनियमाने कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या वार्षिक 2.5 लाख रुपयांवरील वर्गणीचे व्याज करपात्र केले; मालकाची वर्गणी नसलेल्या निधीसाठी ही मर्यादा 5 लाख रुपये ठेवण्यात आली. यासाठी करपात्र व करमुक्त अशा दोन भागांचा हिशेब स्वतंत्रपणे ठेवावा लागतो.

समजा, एखाद्या कर्मचाऱ्याने वर्षभरात 4 लाख रुपये भरले. आधिक्य 1.5 लाखांचे. ते वर्षभर शिल्लक राहिले असे मानल्यास 2024-25 साठीच्या 8.25 टक्के दराने 12,375 रुपये व्याज करपात्र ठरते. हे आधिक्य करपात्र भागातच राहत असल्याने पुढील वर्षांतही त्याच्या व्याजावर कर द्यावा लागतो. 12 टक्के वर्गणीचा विचार करता मूळ वेतन वार्षिक सुमारे 20.83 लाख रुपयांपर्यंत असेल तर ही मर्यादा ओलांडली जात नाही. स्वेच्छेने जादा वर्गणी भरणाऱ्यांना मात्र ती लवकर गाठते.

राष्ट्रीय पेन्शन प्रणाली 1 जानेवारी 2004 पासून केंद्रीय सेवेत नव्याने येणाऱ्यांसाठी आणि 1 मे 2009 पासून सर्व नागरिकांसाठी खुली झाली. तिच्यात निधी वाढत असताना सभासदावर कर पडत नाही. वर्षासन खरेदीसाठी वापरलेली रक्कम त्या वेळी करमुक्त असते. पुढे मिळणारे वर्षासन मात्र उत्पन्न म्हणून करपात्र असते.

बंगळुरूचे प्रकरण

निवृत्तीनंतर निधी तसाच ठेवल्यास काय होते? 2017 मध्ये प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या बंगळुरू खंडपीठापुढे हाच प्रश्न आला. 26 वर्षांच्या सेवेनंतर 2002 मध्ये निवृत्त झालेल्या एका कर्मचाऱ्याच्या खात्यात त्या वेळी 37.93 लाख रुपये होते. त्याने ते काढले नाहीत. 2011 मध्ये 82 लाख रुपये काढले, त्यांतील 44.07 लाख रुपये निवृत्तीनंतरचे व्याज होते. सेवा संपली त्या दिवशी देय असलेली शिल्लक करमुक्त. त्यानंतरचे व्याज करपात्र, असा निर्णय न्यायाधिकरणाने दिला. करमुक्ती खात्याला नसून नोकरीच्या नात्याला आहे, हे या निर्णयाचे सार होय.

वारंवार नोकरी बदलणाऱ्या माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील तरुणांसाठी यात दुहेरी बोध आहे. सलग पाच वर्षांची सेवा पूर्ण होण्यापूर्वी रक्कम काढल्यास ती सामान्यतः करपात्र ठरते; जुनी शिल्लक नव्या मालकाकडील खात्यात वर्ग केल्यास मात्र आधीची सेवा जमेस धरली जाते. नोकरी कायमची सोडून खाते तसेच ठेवणाऱ्याने पुढील व्याज आपल्या उत्पन्नात दाखविले पाहिजे.

निष्कर्ष

मर्यादेवरील व्याज करपात्र करण्यात समन्यायाचे तत्त्व आहे. तथापि, ही मर्यादा रुपयांत निश्चित असल्याने महागाई व वेतनवाढीबरोबर मध्यम उत्पन्नाचे कर्मचारीही तिच्या कक्षेत येत जातील. मर्यादेचा ठराविक काळाने फेरविचार झाला, तरच वार्धक्याच्या आधाराचे संरक्षण आणि करसवलतीचा संयम या दोन्ही उद्दिष्टांचा मेळ बसेल.