जुन्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग आवाज का करतं? : आवाज ऐकून दोष शोधूया



आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा, अक्राणी असा हा निम्मा सपाट आणि निम्मा डोंगराळ मुलूख. तळोद्याहून धडगावला जाताना चांदशैलीचा घाट लागतो, अक्कलकुव्याहून मोलगीला जाताना देवगोईचा, आणि तोरणमाळला चढताना सातपायरीचा. या वळणांवर दिवसभर स्टिअरिंग गरगर फिरवावं लागतं. आपल्यापैकी बरेच जण चार-पाच जण मिळून एका जुन्या गाडीने शाळेला जातात. अशा गाडीचं स्टिअरिंग एक दिवस घुं घुं करायला लागतं आणि मग पहिला प्रश्न पडतो, आता खर्च किती येणार?

बैलगाडीचं चाक कुरकुरलं तर शेतकरी चाक बदलत नाही, आधी वंगण बघतो. आजच्या पाठात हीच गोष्ट शिकायची आहे. आवाज कोणता आहे आणि कधी येतो हे नीट टिपलं, तर दोष कुठे आहे याचा बराचसा अंदाज घरीच येतो.

१) पॉवर स्टिअरिंग काम कसं करतं?

बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोहोचतो, हा पास्कलचा नियम आपण विज्ञानात शिकवतो. जेसीबीचा हात आणि गॅरेजमधला ऑइलचा जॅक याच नियमावर चालतात. जुन्या गाडीचं पॉवर स्टिअरिंगही तसंच.

त्याचे मुख्य भाग पाच. ऑइलची छोटी टाकी, पंप, पंप फिरवणारा बेल्ट, ऑइलचे पाईप आणि चाकं वळवणारा स्टिअरिंगचा रॅक किंवा गिअरबॉक्स. इंजिन बेल्ट फिरवतं, बेल्ट पंप फिरवतो, पंप टाकीतलं ऑइल ओढून दाबाने पुढे ढकलतो आणि ते ऑइल चाकं वळवायला आपल्या हाताला मदत करतं. स्टिअरिंग जोर लावून फिरवताना हा दाब टायरमधल्या हवेच्या दाबाच्या तीसपटीहूनही जास्त होऊ शकतो.

अमेरिकेतले इंजिनिअर फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ मध्ये अशी गाडी चालवून दाखवली. सर्वसामान्य ग्राहकाला विकत मिळणाऱ्या मोटारीत मात्र ही सोय १९५१ साली क्रायस्लर इम्पीरियलमध्ये आली.

एक सूचना. बऱ्याच नव्या छोट्या गाड्यांमध्ये विजेच्या मोटारवर चालणारं स्टिअरिंग असतं. त्यात ना ऑइल, ना पंप. तुमच्या गाडीत ऑइलची टाकीच नसेल, तर खालची तपासणी तिला लागू होणार नाही.

२) आवाजाची भाषा

वहीत दोन रकाने करा. एकात आवाज, दुसऱ्यात वेळ.

* चीं… असा किंचाळणारा आवाज, गाडी सुरू करताना किंवा स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवताना : बेल्ट ढिला झाला आहे, घासून गुळगुळीत झाला आहे किंवा त्यावर ऑइल सांडलं आहे.
* घुं घुं, कण्हल्यासारखा आवाज, स्टिअरिंग फिरवलं आणि रेस दिली की वाढणारा : ऑइल कमी आहे किंवा ऑइलमध्ये हवा शिरली आहे.
* घरघर, स्टिअरिंग सरळ असतानाही सतत येणारी : पंपाचं किंवा बेल्टच्या मार्गातल्या एखाद्या पुलीचं बेअरिंग गेलं असण्याची शक्यता.
* सूं… असा हलका आवाज, फक्त अगदी टोकाला : जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडतो, त्याचा हा आवाज. हा बहुतेक वेळा दोष नसतो. फक्त स्टिअरिंग तिथे धरून ठेवू नका.
* खडखड, टकटक, खड्ड्यातून जाताना : याचा पंपाशी संबंध नाही. टाय रॉडचा एंड, बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शन तपासून घ्या. हे काम लांबणीवर टाकू नका.

हिवाळ्यात सातपुड्यात सकाळी कडाक्याची थंडी असते. तेव्हा ऑइल घट्ट होतं आणि पहिलं एखादं मिनिट आवाज येऊ शकतो. गाडी गरम झाल्यावरही आवाज राहिला, तर मात्र पुढची तपासणी करा.

३) तपासणी : स्वस्तापासून महागाकडे

पायरी १ : पुढच्या टायरची हवा. हवा कमी असली की स्टिअरिंग जड होतं आणि पंपावर ताण येतो. याला काही खर्च नाही.

पायरी २ : ऑइलची पातळी. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करा. टाकीवर किंवा झाकणाच्या काडीवर कमी-जास्त पातळीच्या खुणा असतात. काही गाड्यांत थंड आणि गरम ऑइलसाठी वेगळ्या खुणा असतात. ऑइल कमी असेल तर नुसतं भरून थांबू नका. बंद यंत्रणेतलं ऑइल आपोआप संपत नाही, म्हणजे ते कुठून तरी गळतंय.

पायरी ३ : ऑइलचा रंग. चांगलं ऑइल स्वच्छ दिसतं. काळपट आणि जळका वास असेल तर ते जुनं झालं आहे. ताकावर येतो तसा फेस दिसला तर आत हवा शिरते आहे.

पायरी ४ : बेल्ट. इंजिन बंद, चावी खिशात. बेल्टवर भेगा, चकाकी किंवा तेलकटपणा आहे का ते पाहा. साधा बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण १ सेंटिमीटर दबतो. त्याहून फार दबला तर ढिला समजा. नेमकं माप गाडीच्या पुस्तकात असतं.

पायरी ५ : पाईप आणि क्लॅम्प. टाकीतून पंपाकडे जाणारा पाईप नीट पाहा. इथे पंप ऑइल ओढत असतो. त्यामुळे पाईपला बारीक चीर असली किंवा क्लॅम्प ढिला असला, तर ऑइल बाहेर न गळताही हवा आत ओढली जाते. उसाचा रस पिताना फाटक्या स्ट्रॉमधून हवा येते ना, अगदी तसंच.

हीच पायरी बहुतेक वेळा राहून जाते. आमच्या ओळखीच्या एका शिक्षकांना "पंप गेला, नवीन टाका" असं सांगण्यात आलं होतं. टाकीत फेस होता, खाली मात्र ऑइलचा एक थेंब नव्हता. दुसऱ्या मिस्त्रीने कडक झालेला तो वीतभर पाईप आणि त्याचे दोन क्लॅम्प बदलले, हवा काढली आणि घुं घुं थांबली. पंप तोच राहिला. म्हणून पंपाचा खर्च मान्य करण्यापूर्वी मिस्त्रीला एकच प्रश्न विचारा, "दादा, ओढणारा पाईप आणि टाकीची जाळी पाहिली का?" काही टाक्यांच्या तळाला जाळी असते. ती कचऱ्याने तुंबली तरी पंप कण्हतो.

४) ऑइल भरणं आणि हवा काढणं

झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच ऑइल वापरा. काही गाड्यांना एटीएफ चालतं, काहींना वेगळं लागतं. ब्रेक ऑइल चुकूनही टाकू नका, त्याने आतले रबरी सील फुगून खराब होतात.

हवा काढण्याची साधी रीत अशी :

१. पुढची चाकं उचलून गाडी पक्क्या स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर भरवसा नको. मागच्या चाकांना दगड लावा.
२. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवा.
३. टाकीतले बुडबुडे पाहत राहा, पातळी उतरली की ऑइल भरा.
४. आता इंजिन सुरू करून पुन्हा हळू फिरवा. टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका.
५. फेस संपला, आवाज गेला की पातळी शेवटची तपासा.

फेस पुन्हा पुन्हा येत असेल तर हवा शिरण्याची जागा अजून उघडी आहे. पायरी ५ वर परत जा.

५) जिवाशी खेळ नको

* इंजिन चालू असताना गळती हाताने चाचपू नका. दाबाचं ऑइल बारीक छिद्रातून कातडीत घुसू शकतं. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहा.
* ओढणी, सैल बाही, उपरणं बेल्टपासून लांब ठेवा.
* गळणारं ऑइल गरम इंजिनवर पडलं तर पेट घेऊ शकतं. गळती दिसली की दुरुस्ती आधी.
* घाट उतरताना डिझेल वाचवायला इंजिन बंद करण्याची सवय काहींना आहे. इंजिन बंद झालं की पंपही बंद. चाकांचा स्टिअरिंगशी जोड तुटत नाही, पण ते एकदम जड होतं. ब्रेकलाही इंजिनची मदत मिळेनाशी होते. चांदशैलीच्या वळणावर हे दोन्ही एकदम घडलं तर काय होईल, याचा विचार करा.
* बेल्ट तुटला तरी असंच होतं. काही गाड्यांत त्याच बेल्टवर बॅटरी चार्जिंग आणि पाण्याचा पंपही चालतो. म्हणून किंचाळणाऱ्या बेल्टने घाट चढू नका.

६) पंप खरंच कधी बदलायचा?

ऑइल योग्य आणि पुरेसं आहे, फेस नाही, बेल्ट घट्ट आहे, जाळी स्वच्छ आहे, तरीही पंपातूनच घरघर येते आणि स्टिअरिंग जड लागतं, तेव्हा पंप बदलणं योग्य. नवीन पंप बसवताना जुनं ऑइल पूर्ण काढून टाका. नाहीतर जुन्या पंपाचा झिजलेला धातूचा कीस नव्या पंपालाही खाईल.

स्वाध्याय

१. खाली ऑइल गळत नाही, पण टाकीत फेस आहे. दोष कुठे शोधाल? का?
२. "सूं" आणि "चीं" या आवाजांतला फरक तुमच्या शब्दांत लिहा.
३. उतारावर इंजिन बंद का करू नये? दोन कारणे लिहा.
४. उपक्रम : घरातल्या किंवा गावातल्या एखाद्या जुन्या गाडीचे आवाज मोठ्यांच्या सोबतीने ऐका. आवाज, वेळ आणि अंदाज असा तक्ता करा. मग तो गावातल्या मिस्त्रीला दाखवून त्याचं मत शेवटच्या रकान्यात लिहा.

हा तक्ता गाडीतही ठेवा. गॅरेजला गेल्यावर "आवाज येतो" एवढंच सांगण्याऐवजी "गाडी गरम झाल्यावर, डावीकडे वळताना, घुं घुं" असं सांगता आलं, तर मिस्त्रीचा वेळ वाचतो आणि आपला पैसाही.